चिंध्या, वेळ आणि आपला रविवार

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडा दुरुस्त केलेला मजकूर.)



मला आज 'संशोधक आणि सामाजिक भान' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी संयोजकांची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. मी छंदावर बोलणार आहे. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मीही आधी हसलेच असते. आपल्याकडे या विषयावर बोलायला उभं राहणं म्हणजे घराला आग लागलेली असताना रांगोळीबद्दल बोलण्यासारखं वाटतं. पण थोडं ऐका.

एम.ए.ला असताना एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "तुमचे छंद कोणते?" मी म्हणाले, "वाचन." तुमच्यापैकी किती जणांनी हेच उत्तर दिलंय? बघा, निम्मे हात वर आहेत. हे उत्तर आपल्याला मार्गदर्शक पुस्तकातून मिळालेलं असतं. माझं वाचन छंद नव्हतं, ते माझं काम होतं. नापास झाले तर घरी परत जाऊन लग्नाला उभं राहावं लागेल, म्हणून मी वाचत होते. माझ्यानंतर आत गेलेली मुलगी बाहेर येऊन सांगत होती की ती पियानो वाजवते आणि पक्षी बघायला जाते. मला तिचा राग आला नाही. मला फक्त प्रश्न पडला की हिला एवढा वेळ कोणी दिला?

हा 'वेळ कोणी दिला' हा प्रश्नच आज आपल्यासमोर ठेवायचा आहे.

आपण इथे रविवारी जमलो आहोत. हा रविवार आपल्याला कॅलेंडरच्या कारखान्यातून मिळालेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यांच्या पहिल्या मागण्यांमधल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तेव्हा दिलं गेलं. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. लोखंड्यांनी मागितलेला तो अर्धा तास लक्षात ठेवा. पगाराच्या बरोबरीने त्यांनी वेळ मागितला.

पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळाच्या शेवटी, १९४६च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आणि १९४५च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी फुरसतीचा मुद्दा थेट घेतला. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर असं: माणूस पोटाच्या मागे पूर्ण दिवस राबत राहिला तर त्याच्या आणि जनावराच्या जगण्यात फरक उरत नाही, संस्कृती घडवायला फुरसत लागते, आणि यंत्र हवं ते कष्टकऱ्याला ही फुरसत मिळावी म्हणून. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. एवढी कामं उरावर असलेला माणूस व्हायोलिन शिकतो, हे आपण चौदा एप्रिलच्या भाषणात फारसं सांगत नाही. आपल्याला त्यांचे अठरा तास अभ्यासाचेच आवडतात, कारण तेवढे पोरांना धाक दाखवायला उपयोगी पडतात.

आता माझ्या घरात येते. माझं गाव परभणी जिल्ह्यात. आमच्या आजीचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपणं आणि दुपारच्या भाकरीनंतर जो थोडा वेळ मिळेल त्यात वाकळ शिवणं. जुनी लुगडी, फाटकी धोतरं, पोरांचे तोकडे झालेले सदरे. ती खाली लुगडं अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायची, मधे चिंध्यांचे थर लावायची, वरून दुसरं लुगडं. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी बसवायचं आणि मग कडेने धावदोरा घालत घालत मधे यायचं. एका वाकळेला एक उन्हाळा जायचा. लाल तुकड्याशेजारी लाल येऊ नये याची ती काळजी घ्यायची. कुणी विचारलं असतं की 'बाई, हे तू छंद म्हणून करतेस का', तर तिने शिवी दिली असती.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला इथे एक गंमत दिसते. आपल्या देशात सरकार वेळेची पाहणी करतं. माणूस चोवीस तासांत काय काय करतो याची. २०२४च्या पाहणीत असं दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. या पाहणीत प्रत्येक कामाला एक खाना असतो. स्वतःच्या घरात वापरायच्या वस्तू तयार करणं हा एक खाना. कला, छंद, करमणूक हा वेगळा खाना. आता बघा, माझ्या आजीची वाकळ पहिल्या खान्यात जाईल. आणि मी जर हॉस्टेलच्या खोलीत तशीच वाकळ शिवायला बसले तर ती दुसऱ्या खान्यात जाईल. सुई तीच, धावदोरा तोच. मधे तीन पिढ्यांचा फरक आहे आणि तो फरक खान्यात मावत नाही.

हे मी उदाहरण म्हणून सांगत नाहीये. मी खरंच शिवायला बसले. ते कसं झालं ते सांगते, कारण त्याचा राजकारणाशी संबंध आहे.

डिसेंबर २०२४ आठवा. १० तारखेला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा तरुण. माझ्या घरापासून ते ठिकाण एसटीने तासाभराच्या अंतरावर. आणि मी इथे दिल्लीत, थंडीत, फोन हातात धरून. गावातले व्हिडिओ येत होते, त्यात ओळखीच्या गल्ल्या दिसत होत्या. मी रात्रभर पुढे पाठवत होते. पोस्ट लिहीत होते. कोणी काही वेडंवाकडं लिहिलं की त्याला उत्तर देत होते. पहाटे चारला झोपून दहाला उठायचं आणि परत तेच. त्या महिन्यात फेलोशिपचे पैसे आले नव्हते आणि प्रबंधाचं एक पानही झालं नव्हतं. आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी शंभर तरी प्रतिक्रिया दिल्या असतील आणि त्यांतली एकही मला आठवत नाही. माझा उजवा अंगठा मात्र दुखत होता.

हे आधीही झालं होतं. १ ऑगस्ट २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक असा अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल दिला, २००४चा जुना निकाल रद्द करून. निकालपत्र पाचशेहून जास्त पानांचं. मी त्याच संध्याकाळी लांबलचक पोस्ट टाकली. पाचशे पानं मी वाचली नव्हती, बातमीचे दोन परिच्छेद वाचले होते. मी लिहिलं होतं की ही फूट पाडण्याची चाल आहे. माझी एक जिवाभावाची मैत्रीण मातंग समाजातली आहे. मी बौद्ध. बी.ए.ला असताना आम्ही एकाच खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. तिने पोस्टवर काहीच लिहिलं नाही. तिने मला फोन करणं बंद केलं, एवढंच.

तर डिसेंबरच्या त्या आठवड्यात एका रात्री मी फोन कपाटात ठेवला आणि हाताला काहीतरी हवं म्हणून जुने कपडे काढले. दोन विटलेले सलवार, एका मोर्चाचा निळा टी-शर्ट, फाटलेली उशीची खोळ. सुईदोरा होताच. आजीचं बघितलेलं आठवत आठवत थर लावले. कोपऱ्यांवर दगडांच्या ऐवजी चार जाडजूड पुस्तकं ठेवली. त्यांची नावं सांगत नाही, लेखकांना वाईट वाटेल.

दोन-तीन रात्रींनी मायचा फोन आला, तेव्हा मी कौतुकाने सांगितलं की मी वाकळ शिवतेय. पलीकडे शांतता. मग माय म्हणाली, "आम्ही चिंध्या टाकल्या अन् तू गोळा करायलीस?"

मायचा राग समजून घ्या. तिने लहानपणी लोकांची उतरलेली लुगडी घरात येताना बघितली आहेत. पाटलाच्या वाड्यावरून आलेल्या फाटक्या कापडाला तिथला वास असायचा, असं ती सांगते. अंगणवाडीत नोकरी लागल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर दोन नव्या कोऱ्या सोलापुरी चादरी घेतल्या आणि घरातल्या वाकळा बाहेर काढल्या. तिच्यासाठी ती क्रांती होती. आणि तिला आधार आहे. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येत असेल तर ती पद्धत बदला. आपल्या बायकांनी ते ऐकलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात या बायकांचा इतिहास आहे, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. कापड हे आपल्यासाठी कधीच नुसतं कापड नव्हतं.

पण मी विद्यापीठातली. मी मायला व्याख्यान दिलं. श्रमाचं सौंदर्यशास्त्र, बायकांची पर्यायी ज्ञानपरंपरा, काय काय. दिल्लीत अशा गोधड्या काचेमागे ठेवून हजारोंना विकतात, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या आजीला थंडी वाजायची म्हणून ती शिवायची. तुझ्याकडं रजई हाय. तुला कशापायी शिवायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी 'उद्या बोलते' म्हणून फोन ठेवला.

गेलं वर्षभर मी या प्रश्नावर विचार करतेय. पहिलं जे सुचलं ते असं, की मी परंपरा जपण्यासाठी शिवते. हे खोटं आहे. दारिद्र्य ही जपायची परंपरा नाही आणि आजीला ब्लँकेट परवडलं असतं तर तिने वाकळ शिवली नसती. दुसरं सुचलं ते असं, की मी चळवळीसाठी शिवते. मोर्चाच्या टी-शर्टचा तुकडा मधोमध लावून त्याचा फोटो टाकावा, खाली दोन ओळी लिहाव्यात. फोटो मी काढलाही होता. टाकला नाही. कारण टाकला असता की त्या वाकळेला कामाला लावलं असतं.

इथे मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपल्या प्रत्येक तासावर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. घराचा असतो, कारण घराने पोटाला चिमटा घेऊन आपल्याला पाठवलं. विद्यापीठाचा असतो, कारण तिथे आपण प्रत्येक मिनिटाला सिद्ध करायचं असतं की आपण आरक्षणाच्या 'लायक' आहोत. समाजाचा असतो, आणि तो मी मानते. 'पे बॅक टू सोसायटी' आपण घोकून मोठे झालो. आणि आता फोनचा असतो. काही घडलं की संध्याकाळपर्यंत भूमिका हवी. नाही लिहिलं तर 'गप्प का?' आपल्यातला कोणी गाणं म्हणतो म्हटलं की विचारतात, भीमगीतं म्हणतोस ना? कोणी चित्र काढते म्हटलं की विचारतात, मोर्चाला पोस्टर करून देशील? आमच्या वर्गातला एक मुलगा नुसती झाडं काढायचा. त्याला आपल्याच लोकांनी विचारलं, 'यात विचार कुठे आहे?' त्याने झाडं काढणं सोडलं. पियानो वाजवणाऱ्या त्या मुलीला कोणी विचारलं नसेल की तुझ्या पियानोत विचार कुठे आहे.

मी पोस्टर करू नका असं म्हणत नाही. मी स्वतः करते. भीमगीतांनी तर आपल्याला शाळेच्या आधी शिकवलं. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्या समाजाला शतकानुशतकं स्वतःच्या वेळेचा मालक होऊ दिलं नाही, त्या समाजातल्या पोरीने आठवड्यातला एक तास कुणालाही हिशोब न देता वापरणं, ही चैन नाही. लोखंड्यांनी मागितलेल्या अर्ध्या तासाचा तो पुढचा हप्ता आहे.

आणि त्या तासाने माझ्या राजकारणाचं काय केलं, तेही सांगते. एक हात वाकळेत आणि एक हात फोनवर असं होत नाही, सुई टोचते. एक फेरा पूर्ण व्हायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात डोक्यात जे येतं, त्याला लगेच उत्तर देता येत नाही. जानेवारीत असंच शिवताना मला ती ऑगस्टची पोस्ट आठवली. मी निकालपत्र डाउनलोड केलं आणि तीन आठवडे रोज थोडं थोडं वाचलं. मग मैत्रिणीला फोन केला. माफी मागायचीच, असं ठरवून नव्हता केला, विचारायला केला. मी विचारलं, "तुझ्या घरात तुझ्याआधी पदवीधर कोण?" ती म्हणाली, "कोणी नाही. माझ्या आख्ख्या भावकीत नाही." माझ्या घरातही मीच पहिली. पण माझ्या भावकीत पाच-सहा जण आहेत, दोन मामा नोकरीत आहेत, फॉर्म कुठे भरायचा हे सांगायला कोणीतरी होतं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. मी त्या सगळ्यांच्या वतीने पोस्ट लिहिली होती आणि सात वर्षं ओळखणाऱ्या मैत्रिणीला हा एक प्रश्न विचारला नव्हता.

आमचं एकमत झालं असं नाही. मला अजूनही वाटतं की जागाच भरल्या जात नसतील तर वाटणीचं भांडण आपल्यातच लावून दिलं जातं. तिला वाटतं की हे वाक्य नेहमी ज्यांना आधी मिळालं तेच बोलतात. आम्ही यावर अजून भांडतो. पण आता आम्ही फोनवर भांडतो, पोस्टवर नाही, आणि भांडण झाल्यावर ती विचारते की जेवलीस का. पुढच्या जनगणनेत जातींची मोजणी होणार आहे, ३० एप्रिल २०२५ला केंद्राने तसं जाहीर केलं. १९३१नंतर पहिल्यांदाच सगळ्या जाती मोजल्या जातील. आकडे आले की परत एकदा संध्याकाळपर्यंत भूमिका मागितली जाईल. तेव्हा आपण आधी एकमेकांना चार प्रश्न विचारू शकलो, तर बरं होईल.

शेवटचं सांगते. गेल्या मे महिन्यात मी ती अर्धवट वाकळ गावी घेऊन गेले. मायने ती हातात घेतली नाही. दोन दिवस ती खाटेवर तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी झोपेतून उठले तर माय वाकळ उलटी करून बघत होती. म्हणाली, "गाठ वर मारलीस. अंगाला टोचंल. गाठ आतल्या थरात दडवायची." आणि तिने माझा एक आख्खा फेरा उसवला.  मग चष्मा लावून तिने वीतभर स्वतः शिवून दाखवलं. तिचे टाके माझ्यापेक्षा निम्मे आणि एका सुतात. मी म्हटलं, "माय, तुला तर आवडतंय की." ती म्हणाली, "आवडायचं कधी ध्यानातच नाही आलं. येळ कुठं होता?"

तेव्हा मी तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, "मला थंडी वाजत नाही. मला वेळ आहे म्हणून शिवते. तो तू दिलेला आहे." ती काही बोलली नाही. वाकळ मात्र तिने घरात ठेवू दिली नाही. "दिल्लीला घेऊन जा," म्हणाली, "हितं कोणी बघितलं तर वाटंल, आपले जुने दिवस आले." मी घेऊन आले. तिच्या घरात काय यावं हे ठरवायचा अधिकार तिने कमावलेला आहे.

तर माझी विनंती एवढीच. तुमच्या हाताला लहानपणी काय आवडायचं ते आठवा. शीळ वाजवणं असेल, मातीचे बैल असतील, पेटी असेल, नुसतं नदीवर बसणं असेल. आठवड्याला एक तास त्याला द्या. ते विकू नका, त्याचा फोटो टाकू नका, त्यातून काही सिद्ध करू नका. आणि पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईवडिलांना हाच प्रश्न विचारा: तुला काय आवडायचं? कदाचित ते चिडतील. कदाचित त्यांना आठवायला दोन दिवस लागतील. तेवढे दोन दिवस त्यांच्या वाटणीचं काम तुम्ही करा.

आणि पुढच्या वेळी मुलाखतीत कोणी विचारलं, तर 'वाचन' म्हणू नका.

जय भीम.